‘शीशे का डाकिया’चे शेवटचे पान

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरातील बहुतेक लेख याच वाक्याने सुरू होतात, आणि ते वाचून मी आजवर मनातल्या मनात हसत आलो आहे. आता तेच वाक्य स्वतः लिहावे लागत आहे, याचा संकोच वाटतो... आणि खरे सांगायचे तर वैतागही.

मी धुळ्यात एका विद्यालयात संस्कृत शिकवतो. वय सेहेचाळीस. लेखनाला हात घातला तो गेल्या वर्षी, तोही स्वतःहून नाही. आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल नाना स्मरणिका काढणार होते. त्यांनी मला विषय दिला – नव्वदच्या दशकातील कॉमिक्स. कारण उघड होते. गल्ली नंबर पाचमधील आमच्या ओट्यावर त्या काळी सुट्टीभर कॉमिक्सची अदलाबदल चाले. एक ठेवा, एक न्या. पिना गंजून पाने सुटू नयेत म्हणून आई प्रत्येक पुस्तक काळ्या दोऱ्याने शिवून देई. मी आतल्या पानावर नाव-पत्ता घाली आणि वहीत नोंद करी. ती वही अजून माझ्याकडे आहे.

लिहिताना जाणवले की त्या दशकाची सगळी हौस मागच्या कव्हरवरच छापलेली होती – फुकट स्टिकर, पत्रमित्रांचे पत्ते, आमच्यापैकी कोणी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या व्हिडिओ गेमची जाहिरात. लेखाच्या शेवटी मी लिहिले, ‘आमच्या ओट्यावरील एकाही पुस्तकाचे पान कधी फाटले नाही.’ माझ्या पहिल्याच लेखातील हे एक वाक्य आईसाठी होते. ती आता नाही.

चोपड्याचे युवराजभाऊ केळीचे बागायतदार. लहानपणी सुट्टीत ते आमच्या गल्लीत मावशीकडे येत. आणखी आठवणी टिपून घेण्यासाठी एका रविवारी सकाळी मी त्यांच्या बागेत गेलो. चहाचा कप पुढे करत ते म्हणाले, “सर, ते ‘शीशे का डाकिया’ लिव्हा बरं. आनि शेवटलं पान का फाडं, तेबी लिव्हा.”

“कोणते पुस्तक?”

“आता... तुमीच दिन्हं ना माले. काचना पोस्टमन, लाल पट्टावाला. त्याना पोटमा पत्र अडकेल शे, एक पोरगीना नावनं. काच फोडाशिवाय निंघत नही. पोरगी दगड उचलस, आनि पुढे पानच नही.”

“भाऊ, मी पान फाडलेले नाही.”

“राग नका धरू. धाकलपने कोन नही फाडस?” मग घराकडे तोंड करून ते पत्नीला म्हणाले, “आयक वं, मास्तर लाजी ऱ्हायनात.”

घरी येऊन वही पाहिली. त्या नावाचे पुस्तक नाही. इंटरनेटवरच्या दोन जाणत्या संग्राहकांना विचारले. असे कॉमिक्स कधी निघालेच नाही, असे दोघांनीही कळवले. मी युवराजभाऊंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “वहीमा नही म्हणजे तुमीच खोडं व्हई.”

नानांना सांगितले, तर ते म्हणाले, “सर, एका पानाचं एवढं काय घेऊन बसलात? लिहा की, एक फाटलं.” हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही.

पुढच्या आठवड्यात नानांनीच मला बोदवडला पाठवले. स्टेशनजवळ शकुंतलाअक्कांचे शिलाईचे दुकान आहे. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी त्या जुनी कॉमिक्स ठेवत, आणि नानांना ती वाचनालयातील प्रदर्शनासाठी हवी होती. अक्का वयाने साठीच्या पुढच्या. धुळ्याला त्या आयुष्यात आलेल्या नाहीत, युवराजभाऊंचे नावही त्यांना ठाऊक नाही. मी माझे नाव सांगताच त्यांनी मशीनवरून मान वर केली.

“म्हणजे गल्ली नंबर पाचवाले तुम्हीच?”

पुष्कळ वर्षांपूर्वी फलाटाच्या बाकावर त्यांना एक पुस्तक सापडले होते. आत माझे नाव होते. “काळ्या दोऱ्यात शिवलेलं. टाका पक्का होता, मी शिवणारी बाई, मला कळतं. शेवटचं पान मात्र ओढून काढलेलं.”

“कोणते पुस्तक?” मी विचारले, उत्तर आधीच कळले होते.

“शीशे का डाकिया.”

मी मुद्दाम चुकीचे विचारले, “त्याची टोपी निळी होती ना? आणि पट्टाही?”

“नाही हो. टोपी काचेचीच. पट्टा तेवढा लाल.”

“ते आता कुठे आहे?”

“घर बदललं तेव्हा गेलं. पण भाऊ, तुम्ही असं करायला नको होतं. माझी मुलगी रोज विचारायची, तिनं दगड मारला का म्हणून. मी रोज काहीतरी थाप मारायची. तीस वर्षं झाली, ती पोर दगड घेऊन उभी आहे.”

मी आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात बोललेलो नाही. त्या दुकानात बोललो.

“अक्का, मी ते पान फाडलेले नाही. फाडण्यासारखे त्यात होते तरी काय? ती दगड खाली ठेवते, त्याला उन्हात उभा करते आणि पत्र काचेतूनच वाचते.”

मशीन थांबली. मीही थांबलो.

“असं होय,” अक्का म्हणाल्या. मग पायपट्टीवर पुन्हा पाय ठेवत, बऱ्याच मऊ आवाजात, “संध्याकाळी मुलीला फोन करून सांगते.”

परत येताना गाडीत मी सगळे तर्क करून पाहिले. नानांनी थट्टा केली म्हणावे, तर शेवटच्या पानाविषयी मी काय बोलणार हे नानांना कसे ठाऊक असणार? मला विसर पडला म्हणावे, तर वही विसरत नाही. स्मरणिकेतील ते वाक्य मी अखेर काढून टाकले. ते खोटे होते म्हणून नव्हे. ते खरे आहे, असे शपथेवर सांगण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही. आईची मनोमन क्षमा मागितली.

कोणाला हे उलगडत असेल तर जरूर कळवावे. मला उलगडत नाही. त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ मला आठवत नाही, पोस्टमन कोणत्या गावी निघाला होता ते आठवत नाही, ते कधी हातात धरल्याचेही आठवत नाही. आठवते ते फक्त शेवटचे पान.