मधला रविवार

धक्क्याजवळ होड्यांची वर्दळ वाढली की खाडीच्या चिखलातल्या जिवांचं काय होतं, हा माझ्या संशोधनाचा विषय होता. तुलनेसाठी माणसाचा वावर नसलेल्या जागा हव्या होत्या. त्यातली पहिली मी मालवणजवळच्या एका खाडीत शोधून काढली आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

मी एक रविवार सोडून एक, कसालला एसटी बदलून, अकराच्या सुमारास पोचायची. पाणी काठोकाठ, माणूस औषधालाही नाही. तीन खेपा तसंच. मी पत्रकात ठसठशीत लिहिलं, मानवी वावर नाही. आता फक्त माझ्या मार्गदर्शक सरांनी जागा पाहून संमती द्यायला हवी होती. पावसाआधी पहिले नमुने घेतले नाहीत तर माझं वर्ष फुकट जाणार होतं.

सरांना सवड मिळाली ती नेमकी माझ्या दोन खेपांच्या मधल्या रविवारी. माडांतून आम्ही खाली उतरलो. पाणी पार ओसरलं होतं, आणि माझ्या निर्मनुष्य जागेवर गावातल्या बायकांची जत्रा भरली होती. गुडघाभर चिखलात वाकून त्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होत्या आणि हसत-खिदळत सासवांचा उद्धार करत होत्या.

"मानवी वावर नाही तो हाच का?" सरांनी विचारलं. तिथेच चिखलात गडप व्हावंसं वाटलं.

टोपली घेऊन वर आलेल्या एका मावशींनी माझी कर्मकहाणी ऐकून घेतली. "गो बाय, पंधरा दिसांनी त्याच टायमाक इलंस तर भरतीच गावतली. सुकतीक कधी इलंस?"

भरती-ओहोटीचं हे पंधरवड्याचं गणित मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

"मग कोणीच जात नाही अशी जागा आहे का?" सरांनी विचारलं.

"आसा मरे. पण थंय एक तिसरी गावत नाय, म्हणान कोण जात नाय."

सर खो खो हसले. विजार दुमडून ते थेट चिखलात उतरले, मूठभर चिखल उपसून त्यातल्या तिसऱ्या पाहिल्या. "होड्या नाहीत आणि तिसऱ्या आहेत, हीच जागा घ्या," ते म्हणाले, "आणि बायकांचं वेचणंही नोंदवा." माझा जीव भांड्यात पडला. आनंदाने मी पुढे धावले आणि दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत रुतले. दोघी-तिघींनी मला ओढून काढलं.

उरलेल्या जागांचं सरांनी मला विचारलंच नाही. "मावशी, तुम्ही दाखवाल?"

मावशींनी टोपली डोक्यावर घेतली. "बाजार करून येतंय. तवसर ह्या चेडवाक चिखलात चलूक शिकवा."