भुवईवरची पट्टी

साक्रीच्या पश्चिमेला एका गावच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. बी.ए.चा निकाल लागून महिना झाला होता. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच, पण नोकरीचा पत्ता नव्हता. म्हणून धुळ्याच्या एका डॉक्टरांबरोबर मदतीला गेलो. त्यांनी मला सोपं काम दिलं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टी लावायची. "चुकू नकोस," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वर्गाबाहेर रांग बसली होती. त्यात एका म्हातारीची पट्टी डाव्या भुवईवर दिसली आणि मी धावत तिच्याजवळ गेलो. तिचा डावा डोळा कायमचा गेलेला होता. ऑपरेशन उजव्याचं होतं.

"अक्का, पट्टी इकडे कशी उनी?" मी विचारलं.

"मीच काढी नि आठे लाई," ती शांतपणे म्हणाली. "हाऊ डोळा तं गयेलच शे. काय कापाकापी करनी ती याले करा. त्या डोळाले अजून उजेड तरी दिखस. तोबी गया तं मी काय करू?"

चूक माझी नव्हती, म्हणून हायसं वाटलं, पण क्षणभरच. तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना. मी डॉक्टरांना बोलावलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अक्का, मी पट्टीवर विसंबत नाही, डोळा तपासूनच हात लावतो. या डोळ्याची नस मेली आहे. तिथे काहीही केलं तरी दिसणार नाही. उजव्यातला मोतीबिंदू मात्र काढता येईल."

"खात्री शे का?"

"पुरी खात्री कुणीच देणार नाही."

ती माझ्याकडे वळली. "पोऱ्या, तू सांग. तुनी माय ऱ्हाती तं?"

"मायलेबी हाईच सांगतू, अक्का."

तिनं स्वतःच पट्टी सोडवली आणि माझ्या हातात दिली.

ऑपरेशन झालं. जरा दिसत होतं त्याच डोळ्यावर आता बँडेज, म्हणजे तिला सगळाच अंधार. त्या काळी ऑपरेशननंतर मान हलवायचीही मनाई असे. सहा दिवस मी तिला मऊ भात भरवला.

"दिखनं नही तं तुनाच घर येसू बरं का," ती म्हणायची. "मंग जनमभर भरावजो."

शेजारच्या चटईवरच्या बायका हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचो, पण मला भात जात नव्हता.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी बँडेज सोडलं आणि जाड काचांचा चष्मा तिच्या नाकावर बसवला. ती डोळा बारीक करून बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्या छातीकडे बोट केलं.

"तुनी गुंडी कोठे शे?"

मी खाली पाहिलं. शर्टाची वरून दुसरी गुंडी खरंच नव्हती. कधी तुटली, मलाही ठाऊक नव्हतं.

"बी.ए. शे म्हने! गुंडीबी लावता येत नही."

मुलांच्या बुटक्या बाकावर मी मटकन बसलो आणि हसू लागलो. अक्का शेजारणीकडे सुई-दोरा मागत होती, आणि डॉक्टर पुढच्या चटईपासून ओरडत होते, "आज सुई नाही, अक्का! महिनाभर नाही!"