शेजारची खुर्ची

वस्तादांचा वस्तरा आणि वस्तादांची जीभ, दोन्हींना सारखीच धार आहे, असं त्यांच्या दुकानात येणारी माणसं म्हणायची. वस्तादांना हे फार आवडायचं. कुणी म्हणालं नाही तर ते स्वतःच आठवण करून द्यायचे.

केस कापायचं ते दुकान मुळात त्यांच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांना दोन मुलीच. थोरलीचा नवरा म्हणजे वस्ताद, धाकटीचा नवरा म्हणजे त्यांचा साडू. म्हातारबुवांनी हातपाय थकल्यावर दोन्ही जावयांना समोर बसवलं, एकेक कात्री दिली आणि सांगितलं, "भांडायचं तर घरी भांडा. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असताना नको." खुर्च्याही दोनच होत्या. एक खिडकीजवळ, उजेडातली. ती अर्थात वस्तादांची. दुसरी आत, हात धुवायच्या बेसिनला चिकटून. ती साडूची.

साडूला सगळे किरकिऱ्या म्हणायचे, अगदी तोंडावर. पाणी गार आहे, फणीचे दात तुटलेत, रेडिओ खरखरतो, खुर्ची करकरते, आणि तुमचे केस आहेत की तारा, असं त्याचं दिवसभर चालायचं. हात वाईट नव्हता, पण त्याच्या खुर्चीतून उठणारा माणूस डोकं हलकं करून आणि मन जड करून उठायचा. घाई असेल तोच तिकडे जायचा. बाकीचे बाकावर बसून राहायचे, वस्तादांच्या खुर्चीची वाट बघत. वस्ताद कात्री चालवता चालवता सगळ्या गावाची हजेरी घ्यायचे. कुणाची सून रुसली, कुणाच्या टकलावर कसलं तेल चालू आहे, कोण कुणाच्या मागे आहे. बाकावर हशा पिकायचा.

वस्तादांचा साडूवर जीव होता. का नसावा? शेजारी कारलं असलं की काकडीसुद्धा गोड लागते.

वर्षाच्या पहिल्या दिवशी दुकान भरलं होतं. नव्या वर्षाला नवं डोकं घेऊन जायची पुष्कळांना हौस असते. बाकावर संकल्पांचा विषय निघाला. कुणी सिगारेट सोडणार होतं, कुणी पहाटे पळणार होतं, एकजण बायकोवर ओरडणं बंद करणार होता.

"वस्ताद, तुमचं काय?"

"आम्ही काय सुधारायचं? सुधारायला काही शिल्लक तरी पाहिजे ना!" वस्ताद म्हणाले आणि बाक हसला.

मग कुणीतरी गंमत म्हणून साडूला विचारलं. तो फणी धूत होता. न वळताच म्हणाला, "यंदा कुरकुर बंद. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचं नीट ऐकायचं."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, आणि मग असा गदारोळ उठला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. वस्तादांनी तर हातातला ब्रश खाली ठेवला. "अरे, कुरकुर बंद केलीस तर तुझ्यात उरेल काय? नुसते कपडे?"

साडूही थोडासा हसला. म्हणाला, "बघू या."

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले तेव्हा दुकान उघडलेलं होतं. साडू गुडघ्यांवर बसून आपल्या खुर्चीच्या सांध्यात तेल सोडत होता. वर्षानुवर्षं जिच्या नावानं तो बोटं मोडत होता, ती खुर्ची आवाज न करता फिरली. वस्ताद मनात म्हणाले, नव्याचे नऊ दिवस.

ते सोपं नव्हतंच त्याला. पाणी गार लागलं की तक्रार गळ्यापर्यंत यायची. गळ्याची घाटी वर-खाली होताना आरशात दिसायची. मग तो आवंढा गिळायचा आणि पाण्याचा फवारा उचलायचा. एकदा पाइप फुटला तेव्हा तर त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत जुन्या थाटात सगळ्यांचा उद्धार केला. वस्तादांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच्या पैशानं सगळ्या बाकाला चहा पाजला. पण दुसऱ्या दिवशी साडू पुन्हा लवकर हजर. "काल घसरलो," एवढंच म्हणाला, आणि कामाला लागला.

गिऱ्हाइकाला तो एकच विचारायचा, "कसं चाललंय?" आता हे कोण विचारत नाही? वस्तादही विचारायचे. फरक असा, की साडू विचारून थांबायचा. कात्री हवेत धरून, आरशातून त्या माणसाकडे बघत. समोरचा "ठीक" म्हणायचा. साडू तरीही थांबायचा. आणि मग तो माणूस हळूच दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

पहिला दणका बसला तो कॉलेजातल्या सरांचा. वस्तादांची खुर्ची मोकळी होती. त्यांनी कापड झटकलं, "या सर!" म्हणाले. सरांनी मासिकातून डोकं वर काढलं नाही.

"दुसऱ्या कुणाला घ्या. मी थांबतो."

"थांबता? कशासाठी?"

सरांनी नुसती मान आतल्या खुर्चीकडे केली.

मी थांबतो. हे दोन शब्द वस्तादांच्या मालकीचे होते. आजवर माणसं थांबली ती वस्तादांसाठी. त्यांना वाटलं, आपल्या खिशात हात घालून कुणी काहीतरी काढून घेतलं, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत.

तिथून त्यांचं चित्त उडालं. दोन्ही खुर्च्यांसमोर एकच लांबलचक आरसा होता. हात चालायचे आपल्या गिऱ्हाइकावर आणि डोळे असायचे साडूच्या गिऱ्हाइकावर. कोण आलं, किती वेळ बसलं, उठताना हसलं का? तोंडाचा पट्टा सुरूच होता, उलट जास्तच जोरात. पण विनोद करून ते आधी आतल्या खुर्चीकडे बघायचे, तिकडे कुणी हसलं का म्हणून. तिकडे कुणाचंच लक्ष नसायचं. तिकडे दोन माणसं हळू आवाजात बोलत असायची. काय बोलत असतील? वस्तादांनी रेडिओ मोठा केला. साडूनं हूं की चूं केलं नाही. मग वस्तादांनीच चिडून तो लहान केला, कारण मोठ्या आवाजात त्यांनाही तिकडचं ऐकू येईना.

घरी त्यांनी बायकोसमोर पोटातलं ओकलं. "नाटक आहे सगळं. गिऱ्हाईक पळवायचं नाटक."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "नाटक कशाला असेल? धाकटीनं मला सांगितलंय खरं कारण. त्यांची छोटी आहे ना, ती बाहुलीशी खेळत होती. बाहुली झाली होती बाबा. आणि बाहुली काय बोलत होती? 'शी, पाणी गार. शी, जेवण खारट. शी, तू बाजूला हो.' मेव्हणे दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे."

गोष्ट ऐकून दुसरा कुणी हळवा झाला असता. वस्तादांना वेगळंच बोचलं. हे सगळं आपल्याला तिसऱ्याच्या तोंडून का कळावं? आपण शेजारी उभे असतो रोज. आणि आपला मुलगा लहान असताना बाहुल्याला 'बाबा' करून काय बोलला असेल? त्यांना आठवेना. बहुतेक तेव्हा ते स्वतःच बोलत असतील.

जळणाऱ्या माणसाला युक्ती पटकन सुचते. वस्तादांना सुचली. एका गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस सारखे करताना ते त्याच कानात म्हणाले, "आतल्या खुर्चीत जरा जपून बोला हं. ऐकतो सगळं गुपचूप, पण घरी जाऊन बायकोला सांगतो. आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." एवढंच. आणखी दोघातिघांना असंच, हसत हसत, वाऱ्यावर सोडल्यासारखं.

गावात वणवा लावायला काडी एकच लागते. पंधरवड्यात बाकावरची माणसं पुन्हा खिडकीकडे सरकली. सरही आले, मासिक न वाचता मुकाट बसले. वस्तादांनी तो पंधरवडा नवरदेवासारखा घालवला.

साडूची खुर्ची रिकामी राहू लागली. त्याला कारण कळलं असावं, पण तो कुणाला काही बोलला नाही. लाकडी डोक्यावर एक जुना केसांचा टोप चढवून तो नवीन कापणीचा सराव करत बसायचा. चुकलं की थांबायचा, पुन्हा करायचा. वस्तादांना वाटत होतं, आता कुरकुरेल, आता शिव्या देईल, आता आपला जुना साडू आपल्याला परत मिळेल. तो टोप विंचरत राहिला. ते बघून वस्तादांचा विजय त्यांच्याच घशात अडकला. हरूनही हा असा कसा बसू शकतो?

अशात एका सकाळी टपालकाका आले. टपाल वाटायची नोकरी संपून बरीच वर्षं झालेला हा माणूस सासऱ्यांच्या काळापासूनचा. दाढी नेहमी वस्तादांकडे. अलीकडे मात्र ते आतल्या खुर्चीत बसू लागले होते. आज दारात घुटमळले, साडूकडे एकदा बघितलं, आणि मान खाली घालून वस्तादांच्या खुर्चीत येऊन बसले.

"या या! शेवटी घरची आठवण आली म्हणायची," वस्ताद म्हणाले आणि ब्रशनं गालांवर भरपूर फेस चढवला. काकांचे नुसते डोळे तेवढे दिसायला लागले. ते डोळे आरशातून वस्तादांकडे बघत होते.

"वस्ताद, तुम्हालाही कळलंच असेल."

"काय?"

"आमच्या हिचं."

वस्तादांचा वस्तरा थांबला. त्यांना खरोखर काहीच माहीत नव्हतं, आणि गावातलं आपल्याला काही माहीत नाही असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं.

काका खालच्या आवाजात बोलत राहिले. "ती मला ओळखत नाही हल्ली. टपाल घेऊन आलोय समजते. दारातच विचारते, आज माझ्या माहेरचं पत्र आहे का? मी रोज एक कोरं पाकीट नेऊन देतो तिला. मुलांनाही बोललेलो नाही मी हे. एकट्या त्याला बोललो होतो. आणि आता म्हणतात, तो घरी सांगतो. म्हणजे सगळ्या गावाला झालंच की. हसत असतील."

वस्तादांनी ऐकलं. आधी मनात आलं ते चांगलं नव्हतं. मनात आलं, इतकी वर्षं या गालांवरून माझा हात फिरला, आणि हे त्याला सांगितलं? त्याला? मला का नाही? आणि लगेच उत्तरही आलं, कारण टपालकाका खुर्चीत बसले की वस्ताद त्यांना एक ठरलेला विनोद ऐकवायचे, टपालाच्या पिशवीचा. दर वेळी. काका दर वेळी हसायचे. मध्ये श्वास घ्यायला जागा होती कुठे?

गावात यातलं अक्षरही कुणाला माहीत नव्हतं, हे वस्तादांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार! साडूच्या बायकोच्या तोंडी एखादी गोष्ट आली असती तर ती त्याच संध्याकाळी थोरलीकडे, आणि थोरलीकडून वस्तादांकडे आली असती.

"काका," ते म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "काका, त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. मला हे आत्ता तुमच्याकडून कळतंय."

"मग लोक म्हणतात ते?"

"लोकांना मी म्हणायला लावलं."

बाकावर दोघंतिघं होते. रेडिओ चालू होता, पण तो कुणी ऐकत नव्हतं. वस्तादांनी खुर्चीचा दांडा खाली केला, काकांच्या गळ्यातलं कापड तसंच राहू दिलं आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. तोंडभर पांढरा फेस घेतलेले टपालकाका दुकानाच्या मधोमध उभे राहिले, मग सावकाश चालत आतल्या खुर्चीत जाऊन बसले.

साडूनं टोप बाजूला ठेवला. वस्तादांकडे एकदा बघितलं. काहीतरी गळ्यापर्यंत आलं होतं. घाटी वर गेली, खाली आली. मग तो काकांकडे वळला. "कशा आहेत काकू?" म्हणाला, आणि थांबला.

वस्तादांनी त्या दिवशी उरलेल्या वेळात कुणाच्या सुनेचं नाव घेतलं नाही. दुकान बंद करताना साडू कुलूप लावत होता, तेव्हा ते म्हणाले, "तू मला काही बोलणार नाहीस का?"

"बोलणार होतो, दादा. चांगलं घसघशीत बोलणार होतो."

"मग बोल की!"

"यंदा नाही," साडू म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

वस्तादांना हसू आलं, आणि हसता हसताच राग आला, की हा आता विनोदही करायला लागला.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर बायकोनं रिवाज असल्यासारखं नेहमीचं विचारलं, "काय म्हणतंय दुकान?" एरवी या प्रश्नावर जेवण संपेपर्यंत बातमीपत्र चालायचं. आज वस्ताद म्हणाले, "माझं राहू दे. तुझं कसं चाललंय?"

तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ठीक आहे की."

ते थांबले. थांबणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. जीभ दातांच्या मागे नुसती धडका देत होती. दोनदा त्यांनी मध्येच तोंड घातलं, दोनदा स्वतःच गप्प झाले. मग ती हळूहळू बोलायला लागली. शिवणाच्या कामात हल्ली सुई दिसत नाही, दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. डोळ्यांना काहीतरी झालंय, आणि डॉक्टरकडे जायची भीती वाटते, कारण आईचे डोळे असेच गेले होते. वस्तादांच्या घासाचा हात ताटातच राहिला.

"किती दिवस झाले हे? आधी का नाही बोललीस?"

"बोलले की."

"कुणाला?"

"मेव्हण्यांना," ती म्हणाली. "परवा आले होते इथे, तेव्हा त्यांनी विचारलं."

वस्तादांच्या छातीत पुन्हा तीच कळ उठली, ओळखीची, तिखट. तोंडावर आलेला शब्द त्यांनी गिळला. मग ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "उद्या दुकान उशिरा उघडू. आधी डॉक्टरकडे जाऊ. पण आता त्याला जे सांगितलंस, ते सगळं मला सांग. पहिल्यापासून."