सरकी काढणारी पोरगी
परवा वाती वळायला कापूस घेतला, त्यातली सरकी बोटाला लागली आणि राळेगावजवळच्या आमच्या खेड्यातली साठ सालाच्या आसपासची बालवाडी आठवली. तिथल्या बाई आम्हाला दिवसभर तोंडावर बोट ठेवून रांगेत बसवायच्या, आणि मी रडत मायच्या मागं शेतात पळायची. मग नव्या बाई आल्या. त्यांनी जवळ घेऊन विचारलं, “घरी काय करतेस वं?” म्हटलं, “सरकी काढतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात कापसाचा ढीग ओतला. म्हणाल्या, “आज ही शिकवेल, मी पण शिकते.” दुपारी माय न्यायला आली, तर मीच म्हटलं, “थांब नं वं माय, झालं नाई अजून.” पुढं मीही बालवाडी चालवली. पण तपासणीला साहेब आले, की मीही पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावायची. आणि एखादी पोरगी दाराकडं बघत राहायची.