आधी नवं दावं

मी सोलापुरात घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कर्नलचं, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यातलं काम करतो. लांबच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच मशीनवर असल्यासारखी उघडावी, एवढंच आमचं काम. सर्व्हरशी झालेल्या प्रत्येक जोडणीची नोंद मेमरीत राहते, आणि ती किती जण वापरताहेत याचा आकडा तिच्यापाशीच असतो. कोणी नोंद धरली की आकडा एकाने वाढवायचा, सोडली की एकाने कमी करायचा. शून्य झाला की कर्नल नोंद पुसून टाकतो.

मागे माझी एक दुरुस्ती टीमच्या प्रमुखाने स्वतःच्या नावावर खपवली होती. तेव्हापासून त्याचा फोन आला तरी माझं डोकं तापतं.

यंदा नेटवर्क तुटून परत जोडलं की मशीनच बंद पडायला लागलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये तो म्हणाला, "आकडा कायम एकाने जास्त ठेवू. शून्य होणारच नाही."

"मग मेमरी कोण रिकामी करणार? तुमचे सासरे?"

सगळे हसले. मला चूक दिसली होती. आमच्या घरी शेरडं, म्हणजे शेळ्या. वडील मंद्रूपच्या बाजारात शेरडू विकायचे, दावं मात्र घरी आणायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ओरडायचे, "आदी तुजं दावं अडकव की! मग माजं सोडतो." क्षणभर एका गळ्यात दोन दावी. आमच्या कोडमध्ये परत जोडताना जुना वापरणारा नोंद आधी सोडत होता, नवा नंतर धरत होता. मधल्या क्षणी आकडा शून्य, नोंद गायब, आणि नव्याचा हात रिकाम्या जागेत.

"दुरुस्ती तयार आहे," मी म्हणालो. "माझ्या नावाने जाणार असेल तरच पाठवतो."

"अहो, आपण सगळे एकच टीम नाही का?"

"आहोत की. मग माझंच टाका, टीमचंच आहे ते."

तो गप्प. मीही गप्प. घासाघीस करताना जो आधी बोलतो तो उतरतो.

"बरं," तो म्हणाला. "पण तपासणारा म्हणून खाली माझं."

"चालेल. पण खरंच तपासा."

दुरुस्ती त्याला तपासायला धाडली. माझं जेवण होईतो त्याचं उत्तर आलं, चूक दाखवणारं. जोडणी फसली तर नव्याने धरलेली नोंद माझा कोड सोडतच नव्हता. त्या वाटेने आकडा कधी शून्य झालाच नसता. टाळकं सरकलं. पुन्हा वाचलं. बरोबर होतं त्याचं.

एक ओळ वाढवली, केबल उपटून-खुपसून पाहिली. मशीन आपलं चालूच. मग त्याला फोन लावला.

"आता खाली शोभतं तुमचं नाव."

"मग वर येऊ का?"

"भाव ठरलाय, साहेब," मी म्हणालो, आणि दुरुस्ती माझ्या नावाने पाठवून दिली.