घंटेच्या वेळी
वसईच्या चर्चमागील अंगणात माझ्याशी बॅडमिंटन खेळणारे एक शेजारी शटलची पिसे बोटांनी विंचरल्याखेरीज सर्व्हिस करीत नाहीत. त्यांनी मला कधीच हरवले नव्हते. एका सायंकाळी मात्र सर्व्हिस त्यांची होती आणि जिंकायला त्यांना एकच गुण हवा होता. मी परतवलेले शटल अलगद त्यांच्यापुढे उतरू लागले, तोच प्रार्थनेची घंटा झाली. त्यांनी रॅकेट काखेत धरून डोळे मिटले. शटल पायाशी पडले.

“हे पुन्हा खेळू,” मी म्हणालो.

“पडलं ते पडलं, मास्तर. सर्व्हिस तुमची. देवाला कशाला मधी आनता?”

मी सर्व्हिस घेतली आणि जिंकलोही. तो विजय मला अजून सलतो.

तेव्हापासून घंटेच्या सुमारास माझ्या बुटाची नाडी हटकून सुटते आणि ती बांधेपर्यंत खेळ थांबतो. प्रार्थना आटोपून ते हळूच म्हणतात, “मास्तर, नवी नाडी घेऊ नका हां.”