कुलूप घातलेली खोली

"भूत मागून काढा ना ताई. पहिले ते राहतं कुठं, ते दाखवा." असं म्हणून दादा माझं चित्र धड न बघताच परत करायचे.

गेम किंवा सिनेमा बनण्याआधी तो दिसेल कसा, याची चित्रं काढणं हे आमचं काम. डोकमर्डी या कारखान्यांच्या भागातल्या एका फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस. दादा मुख्य चित्रकार, नंदुरबारकडचे. मी हौसेनं सुळे, नखं, लाल डोळे काढून न्यायची आणि ते विचारायचे, याचं अंथरूण कुठंय? राक्षसाला कसलं अंथरूण, म्हणून आम्ही मागे हसायचो. पण अंथरूण काढायला बसलं की राक्षस आपोआप सुधारायचा, हेही खरं.

मध्यंतरी कामं आटली. मालकांनी स्पष्टच सांगितलं, हा भुताचा गेम मिळाला तर ठीक, नाहीतर ऑफिसला टाळं. तेव्हा दादांनी स्वतः संगणकावर एका खोलीचं चित्र रंगवलं. शेजारच्या नरोलीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या तुम्ही पाहिल्या असतील: पत्र्याचं छप्पर, खिळ्याला शर्ट, एका पायाखाली वीट लावलेली खाट. ते चित्र बघताना मला उगाच हळू बोलावंसं वाटलं. विचारलं तर एवढंच म्हणाले, की पूर्वी कारखान्यात कामाला आले तेव्हा थोरल्या भावाबरोबर इथंच राहायचे, आणि भाऊ तापानं इथंच गेला.

मुंबईहून गेमचे निर्माते आले. बाकीची चित्रं त्यांनी झरझर पुढे सरकवली आणि या खोलीवर थांबले. खूश झाले. म्हणाले, या खाटेवर कामगाराचं भूत बसवा, आत्ता, माझ्यासमोर. काम आजच पक्कं करतो.

मालक दादांकडे बघत होते. आम्हीही. दादांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"साहेब, तिथं माझा भाऊ झोपायचा."

"मग तर अजून खरं वाटेल," निर्माते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त चित्र दिसत होतं. मला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, की आता आपलं काम जातंय.

दादांनी ते चित्र बंद केलं. मग पेन उचलून कोऱ्या पडद्यावर तीच खोली बाहेरून काढायला घेतली. ओटा, दार, दाराला कुलूप. ओट्यावर दाराकडे तोंड करून बसलेलं भूत.

"ते बाहेरच राहतं," दादा म्हणाले. "त्याले आत येऊ देत नाही कोणी."

निर्मात्यांनी खुर्ची पुढे ओढून चित्र पाहिलं. मग "चालेल" म्हणाले. मालकांनी फाफडा-जिलेबी मागवली, दादांनी तिला हात लावला नाही. खोलीचं आतलं चित्र त्यांनी पुसून टाकलं आणि महिनाअखेर गावी निघून गेले. फोन केला तर शेतीचंच बोलतात. मला त्यांची फार आठवण येते.

गेम आता बनतोय. दादांच्या खुर्चीवर मी बसते. परवा मालकांनी विचारलं, पुढच्या टप्प्यात ते दार उघडू या का, आत काय दाखवायचं?

म्हटलं, "नको. आत कुणीतरी झोपलंय."